ब्रिचर्डीच्या वसाहतीतून मासे कमी केले आणि मारामारी सुरू झाली; दोष पाण्याचा की माझा?

तळ्यातमळ्यात (पुणे)

नमस्कार. माझ्याकडे गेली चार वर्षे आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातल्या निओलॅम्प्रोलोगस ब्रिचर्डी या सिक्लिड कुळातल्या माशाची वसाहत आहे. टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असून वाळू आणि दगड वजा जाता तिच्यात सुमारे २०० लिटर पाणी राहते. डाव्या आणि उजव्या बाजूला काळ्या कातळाचे दोन ढिगारे आहेत, मधली जागा मोकळी आहे आणि गाळणीसाठी एक कॅनिस्टर व एक मोठा स्पंज फिल्टर चालू असतो.

सुरुवात सहा पिल्लांपासून झाली, प्रत्येक जेमतेम ३ सेंटिमीटरचे. आठ महिन्यांत त्यांतल्या दोघांची जोडी जमली आणि जमल्या जमल्या तिने उरलेल्या चौघांना वरच्या कोपऱ्यात असे कोंडले की दोघे गेले व दोघांना मी वेळेवर बाहेर काढून एका परिचितांना दिले. त्यानंतर मात्र टाकीत पूर्ण शांतता नांदत होती. एकामागून एक वेत होत गेले, आधीच्या वेताची पिल्ले नंतरच्या वेताची राखण करू लागली, आणि गेल्या दिवाळीपर्यंत लहानमोठे मिळून अंदाजे ४५ मासे झाले. गर्दी फार झाली असे वाटल्यामुळे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी सगळे दगड बाहेर काढून जाळीने १४ मोठे मासे पकडले, एका मित्राच्या टाकीत सोडले आणि दगड आठवेल तसे परत रचले.

आठवडाभर काही घडले नाही. नवव्या-दहाव्या दिवसापासून पाठलाग सुरू झाला आणि आजपर्यंत पाच मासे मेले आहेत. चार-पाच मासे शेपट्या फाटलेल्या अवस्थेत हीटरच्या मागे, पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून उभे असतात. खाली उतरले की त्यांना लगेच हाकलले जाते. बाकीचे मात्र खायला टाकले की व्यवस्थित पुढे येतात.

माझा संशय पाण्यावर आहे, कारण त्याच सुमारास आमच्या सोसायटीने महापालिकेच्या पाण्यात बोअरचे पाणी मिसळायला सुरुवात केली आणि नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ११० वरून ४०० च्या आसपास गेला. टाकीतला सामू, म्हणजे पीएच, ८.४ आहे, तापमान २६ अंश आहे, अमोनिया आणि नायट्राइट चाचणीत दिसत नाहीत, नायट्रेट ३० च्या जवळपास आहे. दर रविवारी एक चतुर्थांश पाणी हायपो (क्लोरीन घालवणारे औषध) घालून बदलतो. गर्दी कमी केल्यावर भांडणे वाढावीत, हे मला उलटेच वाटते. काय करावे?


काळाकातळ (कोल्हापूर)

आपण दिलेले आकडे पाहता मी पाण्याला दोष देणार नाही. पाणी बिघडले की ते लहानथोर पाहत नाही. सगळेच मासे धापा टाकू लागतात, सगळ्यांचाच रंग काळवंडतो, सगळ्यांचीच अन्नावरची वासना उडते. आपल्याकडे ठरावीक चार-पाच मासे कोपऱ्यात आणि बाकीचे जेवणाच्या पंगतीत आहेत. शिवाय टांगानिकाचे पाणी मुळातच कठीण आणि अल्कधर्मी असते, सामू ८.६ ते ९ च्या दरम्यान. तेव्हा बोअरच्या पाण्याने ब्रिचर्डीचे फारसे बिघडायचे कारण नाही. ही सरळसरळ भाऊबंदकी आहे, आणि ती का पेटली हे समजण्यासाठी वसाहत कशी बांधलेली असते ते पाहावे लागेल.

ब्रिचर्डींचा थवा दिसतो म्हणून आपण त्यांना थव्याने राहणारे मासे समजतो. प्रत्यक्षात त्यांची घडण एकत्र कुटुंबासारखी असते. वर एक नर आणि एक मादी. अंडी बहुतांशी त्यांचीच. त्यांच्या खाली आकाराने लहान लहान होत जाणाऱ्या मदतनीसांची उतरंड. हे मदतनीस अंड्यांवर तोंड फिरवून ती स्वच्छ ठेवतात, कपारीत साचलेली वाळू तोंडात भरून बाहेर टाकतात आणि परक्या माशाला हद्दीत येऊ देत नाहीत. ब्रिचर्डी आणि तिचा अगदी जवळचा नातलग पल्कर (काही अभ्यासक या दोघांना एकच जाती मानतात) यांच्या या वागणुकीवर स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठात मायकेल टाबोर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे काम केले आहे. त्या कामातून पुढे आलेला एक विचार आपल्या उपयोगाचा आहे: मदतनीस फुकट राबत नाही, तो घरात राहू देण्याचे भाडे भरत असतो. सरोवरात घराबाहेर पडलेला छोटा मासा मोठ्या शिकारी माशांच्या तोंडी जातो, त्यामुळे राबणे त्याला परवडते. इतकेच नव्हे, तर खालच्या पायरीवरचा मासा स्वतःची वाढही आवरती घेतो, म्हणजे वरच्याला तो प्रतिस्पर्धी वाटत नाही. वरचा समोर आला की डोके वर उचलून शेपूट थरथरवायची, आणि वरच्याने ते पाहून पुढे निघून जायचे, एवढ्यावर रोजची शांतता टिकलेली असते.

आपण जाळीने नेमके मोठे मासे उचलले, म्हणजे उतरंडीतली मधली आणि वरची मडकी ओढून काढली. मोकळ्या झालेल्या जागांवर हक्क सांगणारे आता एकमेकांच्या तोलाचे आहेत, आणि तोलाच्या माशांत शेपूट थरथरवून निकाल लागत नाही. सरोवरात हरलेला मासा शेजारच्या कुटुंबाकडे आसरा मागू शकतो. ४ फुटांच्या काचेत शेजार नाही, हीटरची मागची बाजू आहे.

एक प्रश्न मात्र विचारायलाच हवा. ते १४ मासे पकडताना मूळ जोडी कोणती, हे आपण ओळखून बाजूला ठेवले होते का? सगळे दगड बाहेर काढल्यावर कपारीच्या तोंडाशी उभी राहणारी जोडी ओळखण्याची खूणच नाहीशी होते. दोन-तीन संध्याकाळी टाकीसमोर बसून पाहा आणि काय दिसते ते कळवा. तोवर हीटरच्या बाजूला प्लॅस्टिकच्या पाइपचे पाच-सहा तुकडे पाण्याच्या वरच्या थरात आडवे तरंगते बांधा, म्हणजे मार खाणाऱ्यांना निदान दृष्टीआड होता येईल.


वऱ्हाडीमासा (अकोला)

काळाकातळ यांच्याशी सहमत आहे, तरी पाण्याचा विषय इतक्यात मिटवू नका, कारण भांडणात मेलेला मासा पुढे पाण्याचे भांडण होतो.

पाच मासे मेले म्हणता, ते पाचही आपल्या हाताला लागले का? दगडांच्या टाकीत मेलेला मासा कपारीत अडकतो आणि कुजतो. अमोनियाचा विषारी भाग किती, हे सामूवर ठरते: २५ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी शेकडा १ सुद्धा विषारी रूपात नसतो, सामू ८.५ असेल तर सुमारे १५ टक्के असतो, आणि ९ ला तो तिसऱ्या हिश्शाच्या वर जातो. गोल्डफिश ज्या चुकीतून वाचतो तीच चूक आफ्रिकन सिक्लिडच्या टाकीत अंगाशी येते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्याकडे दुपारी चार तास वीज गेली, फिल्टर बंद, पाणी ३३ अंशांवर, आणि दगडामागे एक मेलेला मासा मला दिसलाच नाही. संध्याकाळी घरी आलो तेव्हा १९ माशांपैकी ६ जिवंत होते. तेव्हापासून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप कायम जोडलेला ठेवतो, आणि माशांची मोजणी रोज खायला घालताना करतो.

उन्हाळा तोंडावर आहे, म्हणून आणखी एक. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशांची भूक व चिडचिड दोन्ही वाढतात. पृष्ठभागावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावला तर आमच्या कोरड्या हवेत पाणी २-३ अंशांनी सहज उतरते. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी भरताना मात्र बोअरचे क्षारयुक्त पाणी भरू नका, नाहीतर क्षार साचत जातात.

पावसाळ्यात सोसायटीने बोअर बंद केला की आपले नळाचे पाणी पुन्हा मृदू होईल. त्या वेळी सामू घसरू नये म्हणून खाण्याचा सोडा वापरावा लागेल. १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम सोडा घातला की कार्बोनेट कठीणता (सामू स्थिर ठेवणारी) १ अंशाने वाढते, असा हिशेब धरा. आणि सोडा थेट टाकीत न टाकता बदलायच्या पाण्यात बादलीतच विरघळवा. सामू एका दमात चढवला तर निरुपद्रवी अवस्थेत पडून असलेला अमोनिया क्षणात विषारी होतो.


तळ्यातमळ्यात (पुणे)

दोघांचेही मनापासून आभार. कपारी विजेरीने तपासल्या. पाचवा मासा मी मोजला होता, पण एक सहावाही निघाला, उजव्या ढिगाऱ्याच्या तळाशी, अर्धा खाल्लेला. लगेच ३० टक्के पाणी बदलले.

तीन संध्याकाळी प्रत्येकी तासभर बसलो. जुना नर अजून इथेच आहे. त्याच्या शेपटीच्या वरच्या टोकाचा धागा फार पूर्वी तुटला होता आणि तो वाकडा उगवला आहे, त्यामुळे ओळख पक्की आहे. मादी मात्र दिसत नाही. ब्रिचर्डीच्या डोळ्यामागची आडवी रेघ आणि गालावरची उभी रेघ मिळून आडव्या पडलेल्या इंग्रजी टी अक्षरासारखी खूण होते हे आपणा सर्वांना माहीत आहे; आमच्या मादीच्या डाव्या गालावर ती उभी रेघ मध्येच तुटलेली होती. मित्राकडून त्याच्या टाकीतल्या माशांची छायाचित्रे मागवली. सातव्या छायाचित्रात ती तुटकी रेघ आहे. घराची मालकीण मी स्वतःच्या हाताने दान करून बसलो.

आता नराच्या कपारीवर तीन माद्या दावा सांगत आहेत. त्यांतली एक थोडी मोठी आहे, दुसऱ्या दोघी एकमेकींइतक्याच. तिघी आळीपाळीने एकमेकींचे जबडे धरून झटापट करतात, आणि हरलेली मादी राग लहानांवर काढते. हीटरमागचे मासे हे त्या रागाचे धनी आहेत. मित्र जुनी मादी परत द्यायला तयार आहे. आणू का?


खाडीकाठ (ठाणे)

अवश्य आणा, असे मी म्हणेन. मात्र तिला सोडण्याआधी टाकीतले सगळे दगड काढून वेगळ्याच पद्धतीने रचा. मी गेली सात वर्षे मलावी सरोवरातल्या म्बुना सिक्लिड पाळतो, सध्या डेमासोनी आणि पिवळे लॅबिडोक्रोमिस. डेमासोनी दिसायला बोटभर, पण सहा-आठ ठेवले तर शेवटी एकच उरतो. म्हणून मी २२ ठेवले आहेत, म्हणजे मार एकाच्या वाट्याला न येता विभागून जातो. नवा मासा सोडायचा झाला की दगड हलवतो. सगळ्यांच्या हद्दी पुसल्या जातात, जुना-नवा असा भेद उरत नाही आणि प्रत्येक जण नव्याने जागा शोधण्यात गुंततो. हा उपाय मला आजवर एकदाच फसला आहे.

आणि जास्तीच्या माशांविषयी एक विनंती. कुणीही घेत नाही म्हणून ते तलावात किंवा नदीत सोडण्याचा विचार चुकूनही करू नये. मोझांबिक तिलापिया हाही आफ्रिकन सिक्लिडच. १९५२ साली तो भारतात आणला गेला आणि आज देशभरच्या जलाशयांत त्याने ठाण मांडले आहे. उजनीच्या काठी चिलापी कोणाला नवी राहिलेली नाही. ब्रिचर्डी थंडी आणि मृदू पाणी सोसणार नाही हे खरे, पण तो प्रयोग आपण का करावा?


काळाकातळ (कोल्हापूर)

खाडीकाठ यांचा उपाय म्बुनांसाठी बरोबर आहे, आणि इथे तो उलटा पडेल असे मला वाटते. म्बुनांमध्ये नर एकटा आपला दगड राखतो, मादी अंडी तोंडात घेऊन निघून जाते, कुटुंब असे काही नसतेच. तेव्हा दगड हलवले की खरोखर हद्द पुसते. ब्रिचर्डी अंडी कपारीच्या छताला किंवा भिंतीला चिकटवतात आणि सगळे कुटुंब त्या एका जागेभोवती बांधलेले असते. जागा मोडली की उरलीसुरली ओळखही मोडते. तळ्यातमळ्यात यांनी जानेवारीत दगड काढले नसते, तर कदाचित मादी गेल्यानंतरही तंटा इतका पसरला नसता.

जुनी मादी परत आणण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. मदतनीस मासा थोडा काळ जरी बाजूला काढून परत सोडला तरी त्याला घरच्यांचाच मार बसतो, हे प्रयोगांत दिसले आहे. ही मादी तर दोन महिने बाहेर आहे आणि तिच्या जागेवर तीन वारस बसलेले आहेत. मित्राच्या टाकीत तिच्यासोबत तिचीच तेरा पिल्ले गेली आहेत, म्हणजे तिथे तिचे बस्तान बसलेही असेल. तिला तिथेच राहू द्या.

तिघींपैकी जी मोठी आहे ती ठेवा आणि तिच्या तोलाच्या दोघींना काढा. यावेळी जाळी आणि दगड दोन्ही विसरा. एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, मानेचा भाग कापा, तो उलटा करून बाटलीत बसवा, सुईने भोके पाडा, आत थोडे अन्न टाका आणि बाटली वाळूवर आडवी ठेवून द्या. नको तो मासा आत आला तर सोडून द्यायचा, हवा तो येईपर्यंत वाट पाहायची. चार दिवस लागतील, पण दगड जागचा हलणार नाही. हीटरमागच्यांपैकी ज्यांच्या शेपट्या मुळापर्यंत गेल्या आहेत त्यांना मात्र आजच वेगळ्या टाकीत हलवा आणि परत आणू नका.

पुढे गर्दी कमी करायची वेळ येईल तेव्हा मोठ्यांना हात लावू नये. दीड-दोन सेंटिमीटरची पिल्ले त्याच बाटलीने दर दोन महिन्यांनी पाच-सहा काढावीत. तळची पायरी रिकामी झाली तर पुढचा वेत ती भरून काढतो; वरची पायरी कोणी भरायची यावर खून पडतात.


वऱ्हाडीमासा (अकोला)

बाटली रात्रभर टाकीत ठेवू नका, एवढेच जोडतो. भोके कमी पडली तर आतल्या माशाला प्राणवायू पुरत नाही. मी ती दिवे बंद करताना बाहेर काढतो.


तळ्यातमळ्यात (पुणे)

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

जुनी मादी परत आणली नाही. मित्राने कळवले की ती तिथे एका कुंडीच्या तुकड्याखाली उभी असते आणि इतर कोणाला जवळ येऊ देत नाही. बाटली लावल्यावर पहिले दोन दिवस केवळ पिल्लेच आत आली, आणि नर बाटलीवर बाहेरून टकरा देत राहिला. तिसऱ्या दिवशी दोघींपैकी एक सापडली. दुसरीला सहा दिवस लागले. ती बाटलीच्या तोंडापर्यंत यायची, आत पाहायची आणि मागे फिरायची, शेवटी आर्टेमियाच्या (खाद्य म्हणून देतात त्या बारीक कोळंबीसारख्या जिवांच्या) वासाला भुलली. दोघीही आता ओळखीच्या एका दुकानदाराकडे वेगवेगळ्या टाक्यांत आहेत. हीटरमागचे तीन मासे वेगळे काढले होते. एक गेला, दोघांच्या शेपट्या पांढऱ्या कडेने नव्याने वाढत आहेत. त्यांना परत सोडणार नाही.

त्या दिवसापासून एकही मासा मेलेला नाही. सध्या मोजणीत २३ भरतात, त्यांतले १४ पिल्लू म्हणावे इतके लहान आहेत. पाठलाग पूर्णपणे थांबलेला नाही. विशेषतः एक मध्यम आकाराचा नर अजून स्पंज फिल्टरच्या मागेच राहतो आणि खायला मिळाले की पुन्हा तिथेच जातो. त्याच्या बाबतीत काय करायचे ते मी ठरवलेले नाही, आणि घाई करायची नाही एवढे आता शिकलो आहे.

मोठी मादी डाव्या ढिगाऱ्यातल्या चपट्या दगडाखाली, जुनी मादी जिथे अंडी घालायची त्याच कपारीत राहायला गेली आहे. गेले चार दिवस ती तोंडात वाळू भरून बाहेर आणून टाकते आहे आणि दगडासमोर वाटीएवढा ढीग झाला आहे. काल सायंकाळी एक साधारण ४ सेंटिमीटरचा मासा तिच्यासमोर आडवा आला. क्षणभर मला वाटले, आता पुन्हा सुरू होणार. त्याने डोके वर केले, शेपूट थरथरवली, आणि मादी त्याच्या बाजूने जाऊन वाळूचा पुढचा घास घेऊन आली. थोड्या वेळाने तोही तिच्या मागोमाग कपारीत गेला आणि तोंड भरून बाहेर आला.

अंडी अजून नाहीत. पाण्यात आर्टेमिया सोडली की सगळे मधल्या मोकळ्या जागेत वर येतात, तेव्हा फिल्टरमागचा तो नरही चार घास खाऊन जातो. बाटली धुऊन टाकीखालच्या कपाटात ठेवली आहे.